दोन थेंबांमागचा माणूस : डॉ. अल्बर्ट सेबिन

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी सर्वांना एकच विषय दिला आहे. नोकरी-व्यवसाय करताना ज्या थोर व्यक्तीचे ऋण वाटले, तिच्याविषयी लिहायचे. आपल्या तुकडीत शिक्षक, वकील, बँकवाले, शेतकरी, एसटीतले असे सगळेच आहेत, त्यामुळे निवडही नाना तऱ्हेची झाली असणार. मी आरोग्य खात्यात आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत दोन कामांनी माझ्या सर्वांत जास्त चपला झिजवल्या. एक पल्स पोलिओचे आणि दुसरे पावसाळ्यातल्या कंटेनर सर्वेक्षणाचे, म्हणजे घरोघरी जाऊन रांजण, टाक्या, कुलरमध्ये डासांच्या अळ्या शोधण्याचे. ही दोन्ही कामे मागे मागे नेत गेलो की एकाच माणसापाशी जाऊन पोचतात. त्याचे नाव डॉ. अल्बर्ट सेबिन. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीचे जनक म्हणून ते अनेकांना ठाऊक आहेत. डेंग्यूचा विषाणू प्रयोगशाळेत पकडून त्याचे एकाहून अधिक प्रकार असल्याचे त्यांनीच दाखवून दिले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. म्हणून मुख्यतः त्याच भागाविषयी लिहितो.

सेबिन यांचा जन्म २६ ऑगस्ट १९०६ रोजी बियालिस्टोक येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. कुटुंब ज्यू आणि बेताच्या परिस्थितीतले. पहिले महायुद्ध आणि त्यानंतरची अस्थिरता यांना कंटाळून १९२१ मध्ये सारे घर अमेरिकेला गेले आणि न्यू जर्सीतील पॅटरसन या रेशमाच्या गिरण्यांच्या गावी स्थायिक झाले. पंधरा वर्षांच्या या मुलाला इंग्रजी येत नव्हते. तरीही दोन वर्षांत त्याने शाळेची अंतिम परीक्षा पार केली. आपल्यापैकी जे खेड्यातून येऊन इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसत, त्यांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

त्यांचे एक नातेवाईक दंतवैद्य होते. मुलगा दंतवैद्य होणार असेल तर शिक्षणाचा खर्च करायला ते तयार होते. त्याप्रमाणे सेबिन न्यूयॉर्क विद्यापीठात दाखल झाले. त्याच काळात पॉल डी क्रुइफ यांचे सूक्ष्मजंतूंचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांवरचे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्यांचे मन दातांतून उडाले. त्यांनी वैद्यकाकडे जायचे ठरवले, तेव्हा नातेवाइकांनी पैसे बंद केले. विल्यम पार्क हे नामांकित जंतुशास्त्रज्ञ त्या विद्यापीठात शिकवत. त्यांनी या विद्यार्थ्याला हाताशी धरले, काम मिळवून दिले आणि शिक्षण चालू राहिले. विद्यार्थिदशेतच सेबिन यांनी न्यूमोनियाच्या जंतूचा प्रकार झटपट ओळखण्याची पद्धत शोधली. १९३१ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोलिओची मोठी साथ आली. पार्क यांनी त्यांना या रोगाचा अभ्यास करायला सांगितले, आणि तो अभ्यास मग आयुष्यभर चालला.

पुढच्याच वर्षी त्यांच्या परिचयातले एक तरुण डॉक्टर, विल्यम ब्रेब्नर, प्रयोगातल्या माकडाने चावल्याने दगावले. सेबिन यांनी त्यांच्या शरीरातून एक नवा विषाणू वेगळा केला. तो आजही बी विषाणू म्हणून ओळखला जातो. अशा कामात संशोधकाचाही जीव जाऊ शकतो, हे त्यांनी पंचविशीतच जवळून पाहिले.

पुढे रॉकफेलर संस्थेत पीटर ओलिट्स्की यांच्यासोबत त्यांनी पोलिओचा विषाणू मानवी मज्जापेशींत वाढवला. इतर पेशींत तो वाढला नाही, तेव्हा तो फक्त मज्जासंस्थेतच वाढतो असा निष्कर्ष त्यांनी १९३६ मध्ये मांडला. हा निष्कर्ष चुकीचा ठरला, कारण त्यांनी वापरलेला वाण माकडांच्या मेंदूतून पुन्हा पुन्हा काढून काढून त्या पेशींनाच सरावलेला होता. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी तो इतर पेशींतही वाढवून दाखवला आणि त्याबद्दल १९५४ चे नोबेल त्यांना मिळाले. सेबिन यांना नोबेल कधीच मिळाले नाही. पण १९३९ मध्ये सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात गेल्यावर त्यांनी स्वतःच आपली दिशा बदलली होती. पोलिओने मृत्यू पावलेल्यांच्या शवविच्छेदनातून, रॉबर्ट वॉर्ड यांच्या साथीने, त्यांनी १९४१ मध्ये दाखवले की विषाणू नाकाच्या अस्तरात सापडत नाही, तो अन्नमार्गात सापडतो. तोंडावाटे लस देण्याची कल्पना याच शोधातून पुढे उगवली.

एवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले आणि सेबिन लष्कराच्या वैद्यकीय सेवेत गेले. भूमध्य समुद्राच्या परिसरात सैनिकांना वाळूमाशीचा ताप छळत होता, त्यावर त्यांनी काम केले. प्रशांत महासागरातल्या बेटांवर मात्र सैन्याला आणखी एका तापाने जेरीस आणले. तो होता डेंग्यू. आपल्याकडचे जुने लोक त्याला हाडमोड्या ताप म्हणत, आणि ज्याला तो येऊन गेला आहे त्याला या नावाचा अर्थ विचारावा लागत नाही. या तापाने माणूस सहसा मरत नसे, पण आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळे आणि पुढेही काही आठवडे गळून गेलेला राही. हजारो सैनिक एकाच वेळी आडवे झाले की लढाईचे बेत कोलमडत.

डेंग्यूविषयी तोपर्यंत थोडेफार कळले होते. १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस बँक्रॉफ्ट यांनी एडिस इजिप्ती या डासावर बोट ठेवले होते. १९०७ मध्ये फिलिपीन्समध्ये ॲशबर्न आणि क्रेग या दोन लष्करी डॉक्टरांनी रुग्णाचे रक्त अतिसूक्ष्म गाळणीतून गाळले, तरी त्यातून रोग होतो असे दाखवले. म्हणजे कारण जंतूहून लहान असणार, एवढे नक्की झाले. पण तो विषाणू कुणाच्या हाती लागला नव्हता. मोठी अडचण अशी की प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्राण्यांना डेंग्यूचा ताप येतच नाही. माणूस आणि डास सोडले तर हा विषाणू तपासायचा कशावर, हाच प्रश्न होता.

सेबिन यांनी आजारी अमेरिकी सैनिकांचे रक्त मिळवले. हे सैनिक तीन ठिकाणचे होते : हवाई, न्यू गिनी आणि आपले कोलकाता. युद्धकाळात कोलकात्यात अमेरिकी फौजांचा मोठा तळ होता. अशा रीतीने भारतातल्या डासाने दिलेला ताप अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत जाऊन पोचला. तपासायला प्राणी नव्हता, म्हणून ते रक्त स्वयंसेवकांना टोचले गेले. त्यांत तुरुंगातले कैदी होते. त्यांना ताप आला, अंग मोडून आले, पुरळ उठले. ते बरे झाल्यावर त्यांना पुन्हा विषाणू टोचला गेला, कधी त्याच ठिकाणचा, कधी दुसऱ्या ठिकाणचा.

यातून जे कळले ते डेंग्यूच्या इतिहासातले सर्वांत मोठे ज्ञान आहे. हवाईचा विषाणू एकदा होऊन गेलेल्याला तोच विषाणू पुन्हा दिला तर ताप येत नसे. दीड वर्षाने दिला तरीही नाही. पण त्याला न्यू गिनीचा एक वाण दिला, तर काही महिने उलटल्यावर ताप येई. सुरुवातीचे सुमारे दोन महिने मात्र दुसऱ्या प्रकारापासूनही संरक्षण मिळे, नंतर ते ओसरत जाई. याचा अर्थ डेंग्यू हा एकच रोग दिसत असला तरी त्याचे विषाणू निदान दोन वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. हवाईचा तो पहिला प्रकार आणि न्यू गिनीचा तो दुसरा, अशी ओळख तेव्हा ठरली आणि आजही तीच चालते. कोलकात्याचा वाण हवाईच्याच प्रकारातला निघाला. एकदा डेंग्यू झाला, आता पुन्हा होणार नाही, असे सर्वेक्षणाला गेल्यावर मी शेकडो दारांत ऐकले. त्याचे उत्तर १९४० च्या दशकातच मिळालेले होते.

दुसरे काम होते विषाणूला उंदरात वाढवण्याचे. पुष्कळ अपयशानंतर सेबिन आणि वॉल्टर श्लेसिंगर यांना ते साधले. उंदराच्या मेंदूतून एकाकडून दुसऱ्याकडे असा विषाणू नेत नेत त्यांनी तो इतका सौम्य केला की माणसाला टोचल्यावर थोडे पुरळ उठे, पण खरा आजार होत नसे, आणि नंतर मूळचा विषाणू दिला तरी माणूस सुरक्षित राही. १९४५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. डेंग्यूच्या जिवंत लसीची ती पहिली पायरी होती.

याच वेळी युद्धाच्या दुसऱ्या बाजूला, जपानमध्ये, रेन किमुरा आणि सुसुमू होट्टा यांनीही नागासाकीच्या साथीतल्या रुग्णाच्या रक्तातून डेंग्यूचा विषाणू वेगळा केला होता. ते वर्ष १९४३, म्हणजे सेबिन यांच्याही आधीचे. देश एकमेकांशी लढत असल्याने एकाचे काम दुसऱ्याला कळण्याची सोय नव्हती. युद्धानंतर तुलना झाली तेव्हा नागासाकीचा विषाणूही पहिल्याच प्रकारचा निघाला. पहिल्या शोधाचा मान होट्टा आणि किमुरा यांचा आहे, हे सांगितल्यावाचून सेबिन यांचे चरित्र पुरे होत नाही.

कैद्यांची गोष्टही सांगितली पाहिजे. ते स्वखुशीने तयार झाले असे म्हटले जाते आणि युद्धाच्या काळात तसे करणे देशसेवा मानले जाई. पण गजांआडच्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न उरतोच. १९४७ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यातून माणसांवरील प्रयोगांसाठी संहिता आली आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत कैद्यांवरील प्रयोगांवर कडक बंधने घातली गेली. आज असा प्रयोग कुणाला करता येणार नाही आणि येऊही नये. तरी डेंग्यूची प्रतिकारशक्ती माणसात किती काळ टिकते याविषयी अजूनही त्याच नोंदींचा आधार घेतला जातो. सेबिन यांचे ऋण मानताना त्या अनाम कैद्यांचे ऋण मी वेगळे काढू शकत नाही.

युद्ध संपले तशी लष्कराची डेंग्यूची निकड संपली. सेबिन पोलिओकडे परतले. तो भाग सर्वांना परिचित असल्याने थोडक्यात सांगतो. १९५५ मध्ये जोनास साल्क यांची मृत विषाणूची टोचायची लस आली आणि अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतले. सेबिन यांचा भर जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूवर होता, कारण तो आतड्यात वाढून तिथेच पहारा बसवतो. ही लस त्यांनी आधी स्वतः घेतली, आपल्या मुलींना दिली, आणि इथेही ओहायोतल्या तुरुंगातले कैदी पुढे आले. साल्क यांची लस आधीच सर्वत्र दिली गेल्याने अमेरिकेत मोठी चाचणी घेता येईना. तेव्हा शीतयुद्ध ऐन भरात असताना त्यांनी आपले वाण सोव्हिएत रशियाला दिले. मिखाईल चुमाकोव्ह यांच्या देखरेखीखाली १९५९ आणि १९६० मध्ये तिथे कोट्यवधी लोकांना लस दिली गेली आणि ती यशस्वी ठरली. २४ एप्रिल १९६० पासून सिनसिनाटीतही ती देण्यास सुरुवात झाली. या लसीचे पेटंट सेबिन यांनी घेतले नाही. १९७२ मध्ये त्यांनी आपले मूळ वाण जागतिक आरोग्य संघटनेच्या हवाली केले. त्यामुळेच ती स्वस्त राहिली आणि आमच्या खांद्यावरच्या लसीच्या डब्यात येऊ शकली.

त्यांचा स्वभाव मात्र सोपा नव्हता. वादात ते माघार घेत नसत. साल्क यांच्याशी त्यांचे अखेरपर्यंत जमले नाही. त्यांच्या लसीतला दुबळा विषाणू लाखोंत एखाद्या वेळी पुन्हा जोर धरतो आणि एखाद्या बालकाला लुळेपणा आणतो, हे पुढे सिद्ध झाले. सेबिन यांना ते मान्य करणे फार जड गेले. आता म्हणूनच तोंडावाटे थेंबांच्या जोडीला टोचायची लसही दिली जाते. साल्क आणि सेबिन शेवटी बाळाच्या लसीकरण कार्डावर शेजारी शेजारी आले.

गेल्या पावसाळ्यानंतर आपल्याच तुकडीतल्या एका मित्राने मला एक प्रश्न विचारला. त्याची सात वर्षांची नात डेंग्यूने गेली होती. त्याचे म्हणणे असे, की पोलिओला दोन थेंब पुरले, मग त्याच डॉक्टरने डेंग्यूची लस १९४५ मध्येच केली होती तर ती ऐंशी वर्षांत आमच्या दारापर्यंत का आली नाही? त्याला तेव्हा मी नीट बोलू शकलो नाही, ती वेळही नव्हती. इथे सविस्तर उत्तर देतो.

पोलिओचे प्रकार तीन. तिन्हींचे दुबळे वाण एकत्र केले की काम भागते, आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याच्या वेळी अपाय करत नाही. डेंग्यूचे सेबिन यांना दोन प्रकार दिसले होते. १९५० च्या दशकात फिलिपीन्सची राजधानी मनिला आणि थायलंडची राजधानी बँकॉक इथे लहान मुलांना रक्तस्रावी डेंग्यू होऊ लागला, त्यात मुले दगावू लागली, आणि मनिलातल्या रुग्णांत विल्यम हॅमन यांना तिसरा व चौथा प्रकार सापडला. पुढे स्कॉट हॅलस्टेड यांनी बँकॉकमधल्या अभ्यासातून दाखवले की अशी गंभीर अवस्था बहुधा दुसऱ्यांदा, वेगळ्या प्रकारचा डेंग्यू झाल्यावर येते. पहिल्या वेळी तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला नीट मारू शकत नाहीत, उलट त्याला चिकटून पेशींत शिरायला वाट करून देतात. म्हणजे अर्धवट लस ही लस नसण्यापेक्षा घातक ठरू शकते. २०१६ मध्ये फिलिपीन्समध्ये शाळकरी मुलांना नवी डेंग्यू लस देणे सुरू झाले. ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता त्यांना तिच्यामुळे गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो, हे २०१७ च्या अखेरीस पुढे आले आणि ती मोहीम थांबवावी लागली. चारही प्रकारांवर एकाच वेळी आणि सारखीच चालणारी लस हवी, ही अट तिथून आली आहे. आपल्या देशात तयार होत असलेल्या अशा लसीच्या चाचणीचा तिसरा टप्पा ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाला. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, जी १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, तीही डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगांवर पहिल्यापासून काम करत आली आहे. काम थांबलेले नाही. ते अवघड आहे, आणि ते किती अवघड आहे याची पहिली खूण सेबिन यांच्याच वहीत सापडते.

उतारवयात सेबिन यांना मानेच्या मणक्याच्या दुखण्याने ग्रासले. ज्याने जगाला लुळेपणापासून वाचवले त्याचेच हातपाय काही काळ लुळे पडले. असह्य वेदना सोसून ते त्यातून उठले आणि पुन्हा गोवराच्या लसीवर बोलू-लिहू लागले. ३ मार्च १९९३ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. अमेरिका खंडातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १९९१ मध्ये पेरू देशात सापडला होता, ते त्यांना पाहता आले. भारतात पल्स पोलिओ त्यांच्या मृत्यूनंतर, १९९५ मध्ये, सुरू झाला. आपला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावडा जिल्ह्यातला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. बाळांच्या करंगळीला शाई लावत ज्यांनी रविवार घालवले त्या सर्वांचा त्यात वाटा आहे, आणि आपल्या शाळेच्या व्हरांड्यात दर वेळी बूथ लागत असे म्हणून आपल्या शाळेचाही.

डेंग्यूची लस येईल तेव्हा येईल. तोवर या डासाविषयी जे पक्के ठाऊक आहे ते लिहून थांबतो. एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, रांजण आतून घासावा लागतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळावा लागतो. आपल्यापैकी बहुतेकांना आता नातवंडे आहेत. फ्रीजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, कुंडीखालची ताटली, एवढे दर रविवारी पाहिले तरी पुरे.